हार्ट ट्रान्सप्लांटनंतरच्या गोळ्यांनी रक्त घट्ट होतं की पातळ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सासऱ्यांचं हार्ट ट्रान्सप्लांट होऊन ८ महिने झाले, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) चढायला लागलं म्हणून टीमने टॅक्रोलिमसचा डोस कमी केला आणि मायकोफेनोलेट काढून एव्हरोलिमस सुरू केलं, त्यानंतर दीड-दोन महिन्यांत डावा पाय सुजला, डॉपलर (शिरांची सोनोग्राफी) केला तर शिरेत गुठळी निघाली, म्हणून रक्त पातळ करायची गोळी चालू झाली. आणि त्याच वेळच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये प्लेटलेट कमी, १ लाख १० हजार. मग रक्त घट्ट झालंय की पातळ, आणि हे सगळं इम्युनिटी दाबणाऱ्या गोळ्यांनीच झालं का?

मी ट्रान्सप्लांटच्या पेशंट्सचाच फॉलोअप बघते, बरीच वर्षं झाली, आणि हा प्रश्न या ना त्या रूपात दर महिन्याला येतोच. घट्ट-पातळ हे शब्द आम्हीही ओपीडीत सर्रास वापरतो कारण पटकन समजतात, पण इथे तेच शब्द घोळ घालतात. रक्त म्हणजे काही वरण नाही की एकतर घट्ट नाहीतर पातळ. गुठळी व्हायला रक्तवाहिनीचं आतलं अस्तर, प्लेटलेट, रक्तातले साकळवणारे घटक आणि झालेली गुठळी विरघळवणारी यंत्रणा असं सगळं लागतं, आणि ट्रान्सप्लांटच्या गोळ्या यातल्या प्रत्येकाला वेगवेगळ्या दिशेने ओढतात. त्यामुळे पायात गुठळी आणि रिपोर्टमध्ये प्लेटलेट कमी हे एकाच माणसात एकाच दिवशी असू शकतं, त्यात विसंगत काही नाही. प्लेटलेट किती आहेत हा एक प्रश्न आणि आहेत त्या किती चिकट झाल्यात हा दुसरा.

एव्हरोलिमसपासून सुरू करते कारण तुमच्या केसमध्ये बदल तिथे झालाय. एव्हरोलिमस आणि त्याचा मोठा भाऊ सिरोलिमस, दोघांना एमटॉर इनहिबिटर म्हणतात. पेशींची वाढ आणि दुरुस्ती थोपवणं हे यांचं कामच. नवीन हृदयाच्या धमन्या आतून जाड होत जातात त्याला हे लगाम घालतात, आणि किडनीसाठी टॅक्रोलिमस कमी करायची मोकळीक मिळते, म्हणून तर आपण ही देतो. पण दुरुस्ती थोपवणारं औषध रक्तवाहिनीच्या अस्तराची दुरुस्तीही थोपवतं. याचं रोजचं उदाहरण म्हणजे अँजिओप्लास्टीतले स्टेंट. त्यांच्यावर हीच औषधं लावलेली असतात, आतून मांस भरून येऊ नये म्हणून, आणि अस्तर उशिरा येतं म्हणूनच औषध लावलेल्या स्टेंटनंतर दोन-दोन अँटीप्लेटलेट गोळ्या इतके महिने घ्याव्या लागतात. शिवाय प्रयोगशाळेत असं दिसलंय की ही औषधं दिल्यावर अस्तराच्या पेशींवर टिश्यू फॅक्टर वाढतो, आणि टिश्यू फॅक्टर म्हणजे गुठळीची काडी ओढणारा माणूस. हार्ट ट्रान्सप्लांटच्या पेशंट्समध्ये एमटॉर घेणाऱ्यांत शिरांमधल्या गुठळ्या जास्त दिसतात असं निरीक्षणांतून पुढे आलंय. लिव्हर ट्रान्सप्लांटमध्ये सिरोलिमसवर यकृताच्या धमनीत गुठळी होण्याबद्दल ठळक चौकटीत इशारा छापलेला असतो, एव्हरोलिमसवर किडनी ट्रान्सप्लांटमधल्या गुठळीचा. हार्टमध्ये एव्हरोलिमस पहिल्या ३ महिन्यांत देऊ नका असाही इशारा आहे पण त्याचं कारण मुख्यतः इन्फेक्शन, गुठळी नाही, लोक हे दोन्ही एकत्र करतात म्हणून सांगितलं.

आता गंमत बघा, हेच एव्हरोलिमस प्लेटलेट कमीही करतं, कारण हाडांच्या मज्जेतल्या, जिथे प्लेटलेट बनतात तिथल्या, पेशींची वाढही ते थोपवतं. म्हणजे कारखान्यात माल कमी निघतोय पण रस्ता खडबडीत झालाय, त्यामुळे आहे तो मालही जागोजागी अडकतोय. तुमच्या सासऱ्यांच्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकाच गोळीच्या खात्यावर जाऊ शकतात. जाऊ शकतात म्हणतेय, गेल्याच असं नाही, कारण संशयित बरेच आहेत.

आणि पाय सुजण्याबद्दल एक. एमटॉरमुळे गुठळी नसतानाही पाय सुजतात, बीपीच्या ॲम्लोडिपिनने सुजतात, किडनीने सुजतात. म्हणून बऱ्याचदा "गोळीची सूज आहे" म्हणून सोडून दिलं जातं. दोन्ही पाय सारखे सुजले तर गोळीवर संशय घ्या, एकच पाय सुजला, पोटरी दुखतेय, तर डॉपलर होईपर्यंत गुठळीच समजा. तुमच्याकडे डॉपलर वेळेवर झाला हे फार चांगलं झालं. तसंच दमाचं. एव्हरोलिमस-सिरोलिमसने फुफ्फुसात एक प्रकारची सूज येते, कोरडा खोकला, दम, आणि फुफ्फुसात गुठळी गेल्यावरही दमच लागतो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, सीटी केल्याशिवाय कळत नाही. त्यात भर म्हणजे नेहमीच्या माणसात नाडी जोरात चालली की आपण चमकतो, इथे नवीन हृदयाला नसाच (मेंदूकडून येणारे मज्जातंतू) जोडलेल्या नसतात, त्यामुळे त्याची नाडी बसल्या जागी ९० ते ११० असतेच. म्हणजे फुफ्फुसातल्या गुठळीची एक नेहमीची खूणच हातातून गेली. कॅज्युअल्टीत नवीन डॉक्टर नाडी १०४ बघून घाबरतात, किंवा उलट "ट्रान्सप्लांटवाल्यांची असतेच" म्हणून सोडून देतात, आणि दुसरं जास्त धोक्याचं.

टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन ही जुनी जोडी. सायक्लोस्पोरिन एका बुरशीतून निघालं, नॉर्वेच्या पठारावरची माती सँडोझ कंपनीच्या लॅबमध्ये गेली होती त्यातली बुरशी, आणि १९८३ मध्ये अमेरिकेत परवाना मिळाल्यावर हार्ट ट्रान्सप्लांटचं चित्रच पालटलं. पण हे औषध रक्तवाहिन्यांशी फार प्रेमाने वागत नाही. अस्तरातून प्रोस्टासायक्लिन आणि नायट्रिक ऑक्साइड निघतं, ते प्लेटलेटला सांगत असतं की बाबांनो इथे चिकटू नका, सायक्लोस्पोरिन तेच कमी करतं, वाहिन्या आकसवणारं एंडोथेलिन वाढवतं, आणि टेस्ट ट्यूबमध्येही प्लेटलेट जास्त लवकर एकमेकींना चिकटताना दिसतात. टॅक्रोलिमस त्याच जातीचं, पण या बाबतीत जरा सौम्य. जरा, पूर्ण नाही.

या जोडीचा सगळ्यात वाईट चेहरा म्हणजे टीएमए, थ्रॉम्बोटिक मायक्रोअँजिओपॅथी. बारीक बारीक वाहिन्यांच्या अस्तराला इजा होते, तिथे प्लेटलेटच्या छोट्या गुठळ्या अडकतात, आणि लाल पेशी त्या फटीतून जाताना फाटतात. एक पेशंट अजून डोळ्यासमोर आहे. प्लेटलेट ७० हजार, हिमोग्लोबिन दोन आठवड्यांत २ ने खाली, क्रिएटिनिन चढतंय, आणि सगळे म्हणतायत मायकोफेनोलेटने मज्जा दबली असेल. मी पॅथॉलॉजीत जाऊन आमच्या मॅडमच्या शेजारी बसले, त्यांनी स्लाइड सरकवली आणि म्हणाल्या हे बघ, एक, दोन, हे तिसरं. गोल पेशींच्या मधे अर्ध्या कापलेल्या, टोकं निघालेल्या, हेल्मेटसारख्या पेशी. त्यांना शिस्टोसाइट म्हणतात. एलडीएच वाढलेलं, हॅप्टोग्लोबिन जवळजवळ नाहीच (दोन्ही लाल पेशी फुटत असल्याच्या खुणा), आणि पीटी-एपीटीटी, म्हणजे रक्त साकळायला लागणारा वेळ, अगदी नॉर्मल. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण सेप्सिसमधल्या (अंगभर पसरलेल्या इन्फेक्शनमधल्या) डीआयसीत, म्हणजे जागोजागी गुठळ्या होऊन साकळवणारे घटकच संपत जातात तेव्हा, प्लेटलेटबरोबर पीटी-एपीटीटीही बिघडतं, टीएमएमध्ये सहसा नाही. मायकोफेनोलेट बिचारं निर्दोष होतं, टॅक्रोलिमस बदलावं लागलं. त्या दिवशी कुणी फक्त मायकोफेनोलेट कमी करून घरी पाठवलं असतं तर किडनी गेली असती.

आणि हो, टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिनसोबत एमटॉर, ही जी तुमच्या सासऱ्यांची जोडी आहे, तिच्यात टीएमएचा धोका एकट्या गोळीपेक्षा जास्त असतो. म्हणून १ लाख १० हजार प्लेटलेट हा आकडा एकटा भीतीदायक नाही, पण क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन आणि एलडीएच शेजारी ठेवून वाचल्याशिवाय तो सोडूनही द्यायचा नाही. पेरिफेरल स्मिअर, म्हणजे काचेच्या स्लाइडवर पसरलेल्या रक्ताची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी, मागा. स्वस्तातली तपासणी आहे आणि कुणीतरी खरंच डोळ्यांनी बघणं यातच तिची किंमत आहे.

स्मिअरचा अजून एक फायदा. काही लोकांच्या प्लेटलेट तपासणीच्या जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधल्या ईडीटीए या रक्त साकळू न देणाऱ्या रसायनामुळे एकमेकींना चिकटून झुपके करतात, मशीन त्यांना मोजतच नाही आणि रिपोर्टमध्ये खोटीच कमी संख्या येते. सायट्रेटच्या ट्यूबमध्ये पुन्हा पाठवलं की खरा आकडा निघतो, त्यात १० टक्के वाढवून धरायचा कारण सायट्रेटने रक्त तेवढं पातळ होतं (हे मात्र शब्दशः पातळ). यापायी एकदा आमच्याकडे चांगलं चाललेलं औषध चार दिवस बंद ठेवलं होतं, तेव्हापासून मी आधी स्लाइड मागते.

स्टेरॉइडबद्दल लोकांना साखर, हाडं, चेहरा सुजणं हे सगळं माहीत असतं, गुठळीचं कुणी बोलत नाही. प्रेडनिसोलोनने फॅक्टर एट आणि व्हॉन विलेब्रँड फॅक्टर हे साकळवणारे घटक वाढतात, आणि गुठळी विरघळवणाऱ्या यंत्रणेला ब्रेक लावणारं पीएआय-१ पण वाढतं. म्हणजे गुठळी करायला सोपी, मोडायला अवघड. ज्यांच्या शरीरात स्वतःचंच कॉर्टिसोल जास्त बनतं त्या कुशिंगच्या पेशंट्सना गुठळ्या जास्त होतात हे पूर्वीपासून माहीत आहे, तोच प्रकार. पहिल्या काही महिन्यांत डोस मोठा असतो, त्यात माणूस आयसीयूत आडवा, मानेत-मांडीत लाइनी, शस्त्रक्रियेची सूज, त्यामुळे शिरांमधल्या गुठळ्या पहिल्या वर्षात जास्त दिसतात. आणि तेच स्टेरॉइड ॲस्पिरिनबरोबर पोटात असलं की अल्सरमधून रक्त जाण्याचाही धोका, म्हणून सोबत पँटोप्राझोल. एका गोळीने दोन्ही बाजूंना पाय टाकलेत.

मायकोफेनोलेट आणि ॲझाथायोप्रिन थेट साकळण्याच्या यंत्रणेत फारसं लुडबुड करत नाहीत, मज्जा दाबून पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी करतात. मायकोफेनोलेटने आतड्याचं अस्तर दुखावतं, जुलाब, कधी रक्तही. पण ॲझाथायोप्रिनची एक खोड आहे जी फार जणांच्या लक्षात राहत नाही, ते वॉरफरिन या रक्त पातळ करायच्या गोळीचा असर कमी करतं. म्हणजे ॲझाथायोप्रिन चालू असताना वॉरफरिनचा डोस वाढवत वाढवत नेलेला असतो, मग एके दिवशी पांढऱ्या पेशी कमी झाल्या म्हणून ॲझाथायोप्रिन बंद होतं, वॉरफरिन तेवढंच राहतं, आणि आयएनआर, म्हणजे वॉरफरिनचा असर मोजणारा आकडा, सुसाट.

सुरुवातीला इंडक्शनसाठी (इम्युनिटी एकदम दाबायला) एटीजी दिलं असेल तर तेव्हाही प्लेटलेट पडलेल्या असणार. ते सशाच्या रक्तातून काढलेलं अँटिबॉडीचं मिश्रण असतं आणि त्यातल्या काही प्लेटलेटलाही जाऊन चिकटतात. ५० ते ७५ हजारांच्या मधे आल्या तर डोस निम्मा, ५० च्या खाली गेल्या तर थांबवायचा विचार. तुमचे ८ महिने झालेत, तो भाग संपला. पण त्या पहिल्या दिवसांतला एक संशयित मात्र आत्ताही लागू आहे, तो म्हणजे हेपॅरिन, रक्त पातळ करायचं इंजेक्शन. हेपॅरिन सुरू केल्यावर ५ ते १० दिवसांत प्लेटलेट निम्म्याहून खाली आल्या तर एचआयटी नावाची भानगड असू शकते, आणि गोष्ट अशी की त्यात प्लेटलेट कमी होऊनही गुठळ्याच होतात, रक्तस्राव क्वचित. मागच्या १०० दिवसांत हेपॅरिन मिळालेलं असेल तर दुसऱ्या वेळी एका दिवसातही पडू शकतात. म्हणून पायातल्या गुठळीसाठी इंजेक्शनं चालू असतील तर प्लेटलेट इंजेक्शनच्या आधी कमी होत्या की नंतर झाल्या, हे तारखेनिशी बघा.

आता मी इतका वेळ गोळ्यांचा थेट परिणाम सांगतेय, पण खरं सांगू का, माझ्या अनुभवात घोळ यामुळे फारसे होत नाहीत. घोळ होतात ते बदलांमुळे. काहीतरी सुरू झालं, काहीतरी बंद झालं, आणि त्या बदलाने तिसऱ्याच औषधाची लेव्हल (रक्तातलं प्रमाण) हलली. म्हणून माझ्याकडे कुणी गुठळी किंवा रक्तस्राव घेऊन आलं की मी रिपोर्टच्या आधी गेल्या तीन महिन्यांची औषधं तारखांसकट लिहून मागते. नातेवाईक वैतागतात, मॅडम फाइलमध्ये आहे की सगळं. फाइलमध्ये असतं हो, पण पाच वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर.

एक उदाहरण सांगते. साठीचे गृहस्थ, ट्रान्सप्लांटला दोन वर्षं, एट्रियल फ्लटरसाठी (हृदयाच्या ठोक्यांचा एक बिघाड) वॉरफरिन चालू, आयएनआर महिनोन्‌महिने २.४ च्या आसपास, एकदम शहाणं बाळ. लघवीत जळजळ म्हणून दुसरीकडे दाखवलं, तिथे कोट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक पूर्ण डोसमध्ये दिलं गेलं. सहाव्या दिवशी दात घासताना रक्त थांबेना, मांडीवर हाताएवढा काळानिळा डाग, कुठे आपटल्याचं आठवत नाही. आयएनआर ७ च्या वर. डाग बघून मुलगा म्हणाला रक्त फारच पातळ झालं, प्रतिकारशक्तीच्या गोळ्या बंद करू का. नशीब फोन करून विचारलं. ट्रान्सप्लांटच्या गोळ्यांचा त्यात काहीच हात नव्हता, कोट्रायमोक्साझोल वॉरफरिनला शरीरातून जाऊच देत नाही. आणि ट्रान्सप्लांटमध्ये हे औषध तर एका फुफ्फुसाच्या इन्फेक्शनपासून बचाव म्हणून कित्येकांना महिनोन्‌महिने छोट्या डोसमध्ये चालूच असतं, त्यामुळे ते सुरू करताना आणि बंद करताना, दोन्ही वेळा, आयएनआर आठवड्याच्या आत बघायचा. बंद करताना लोक विसरतात. बंद केल्यावर आयएनआर घसरतो आणि मग गुठळी.

रक्त पातळ करायच्या नवीन गोळ्या, म्हणजे ॲपिक्साबान, रिव्हारोक्साबान, डॅबिगाट्रान, यांना आयएनआरची भानगड नाही म्हणून सगळ्यांना आवडतात. मलाही आवडतात. पण या गोळ्या शरीराबाहेर जायला पी-जीपी नावाचा पंप आणि बहुतेकांना सीवायपी३ए४ हे यकृतातलं एन्झाइम लागतं, आणि टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन, एव्हरोलिमस याच दारातून येतात-जातात. सायक्लोस्पोरिन तर दार अडवूनच उभं राहतं. त्यामुळे युरोपात डॅबिगाट्रान आणि सायक्लोस्पोरिन एकत्र द्यायचंच नाही असा नियम आहे, टॅक्रोलिमससोबतही टाळा म्हणतात, आणि एडोक्साबान सायक्लोस्पोरिनसोबत दिलं तर ३० एमजीवर आणायचं. टॅक्रोलिमस आणि ॲपिक्साबान ही जोडी मात्र बऱ्याच ठिकाणी चालवली जाते आणि माझे स्वतःचे पेशंट्स त्यावर नीट आहेत. पण किडनी बघून. आणि तिसरा पाहुणा आला की हिशोब नव्याने. तिसरा पाहुणा म्हणजे बुरशीवरची व्होरिकोनाझोल, इट्राकोनाझोल, बीपीची डिल्टियाझेम, क्लॅरिथ्रोमायसिन. ही टॅक्रोलिमसची लेव्हल चढवतात हे सगळ्यांना पाठ असतं, टॅक्रोलिमसचा डोस लगेच कमी होतो, पण त्याच दारातून जाणारं ॲपिक्साबानही चढलंय हे कुणी बघत नाही, कारण त्याची लेव्हल रोज तपासायची पद्धतच नाही. उलट टीबीसाठी रिफॅम्पिसिन सुरू झालं की सगळंच एकदम खाली, टॅक्रोलिमस खाली म्हणजे रिजेक्शन (शरीर नवीन हृदय नाकारतं), ॲपिक्साबान किंवा वॉरफरिन खाली म्हणजे गुठळी. मानसिक ताणासाठी म्हणून मिळणारं सेंट जॉन्स वर्ट पण असंच वागतं आणि लोक त्याला औषध समजतच नाहीत, त्यामुळे सांगतही नाहीत.

स्टेंट पडलाय आणि टिकाग्रेलॉर ही अँटीप्लेटलेट गोळी चालू आहे अशा पेशंटला सायक्लोस्पोरिन असेल तर टिकाग्रेलॉर रक्तात जवळपास पावणेतीन पट राहतं, हे कार्डिओलॉजीवाल्या मित्रांना मी नेहमी सांगते, ट्रान्सप्लांटच्या माणसाला क्लोपिडोग्रेलच बरं.

किडनीचा उल्लेख वर दोनतीनदा आलाय, तो का ते सांगते. टॅक्रोलिमस-सायक्लोस्पोरिनने वर्षानुवर्षं किडनी हळूहळू झिजते. किडनी झिजली की एकीकडे प्लेटलेट संख्येने असूनही नीट काम करत नाहीत, हिरड्यांतून, नाकातून रक्त, आणि एनॉक्सापॅरिन (हेपॅरिनच्याच जातीचं इंजेक्शन), ॲपिक्साबान, डॅबिगाट्रान कमीअधिक प्रमाणात अंगात साठायला लागतात. एनॉक्सापॅरिनचा डोस क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनी किती गाळते तो आकडा) ३० च्या खाली गेला की दिवसातून दोनदाऐवजी एकदाच. दुसरीकडे एमटॉरने लघवीतून प्रोटीन जायला लागतं, आणि त्या प्रोटीनबरोबर अँटिथ्रॉम्बिन, म्हणजे रक्ताला साकळण्यापासून आवरणारं प्रोटीनही वाहून जातं. प्रोटीन फार जात असेल तर गुठळीचं ते एक स्वतंत्र कारण आहे. म्हणून तुमच्या सासऱ्यांची लघवीतल्या प्रोटीनची तपासणी एव्हरोलिमसच्या आधीची आणि आत्ताची शेजारी ठेवून बघा. ही तपासणी राहून जाते, कारण सगळ्यांचं लक्ष पायाकडे.

मग यावर कुणी विचारतं की रक्त पातळ करायच्या गोळ्यांनी नवीन हृदयाच्या धमन्याही वाचतील का. हा प्रश्न जुनाच आहे. केपटाऊनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी डिसेंबर १९६७ मध्ये पहिलं ट्रान्सप्लांट केलं, तो पेशंट १८ दिवस जगला, पण जानेवारी १९६८ मधला दुसरा पेशंट, फिलिप ब्लायबर्ग, दीड वर्षाहून जास्त जगला आणि शवविच्छेदनात त्याच्या नव्या हृदयाच्या धमन्या भयंकर अरुंद झालेल्या निघाल्या. सत्तरच्या दशकात स्टॅनफर्डच्या टीमने म्हणून वॉरफरिन आणि डायपिरिडॅमोल देऊन बघितलं होतं. आज त्या जागी ॲस्पिरिन, स्टॅटिन आणि गरज असेल तर हेच एमटॉर आहेत. नवीन हृदयात बारीक वाहिन्यांमध्ये फायब्रिन (गुठळीचे धागे) साठलेलं दिसणं आणि तिथलं अँटिथ्रॉम्बिन नाहीसं होणं याचा पुढच्या धमन्यांच्या आजाराशी संबंध दिसलाय, म्हणजे साकळणं तिथेही गुंतलेलं आहेच, पण म्हणून सरसकट सगळ्यांना वॉरफरिन देत नाहीत. आणि नसा जोडलेल्या नसल्यामुळे अशा हृदयाच्या धमनीत गुठळी झाली तरी छातीत कळ बहुतेकदा येतच नाही, दम लागणं, गळून जाणं, पाय सुजणं एवढंच, म्हणून तर दरवर्षी अँजिओग्राफी.

आता तुमच्याकडे काय होईल. गुठळीची गोळी किमान ३ महिने तरी चालेल, बहुधा जास्त, कारण एव्हरोलिमस चालू असेपर्यंत एक कारण शिल्लकच आहे. एव्हरोलिमस लगेच काढायचं का, तर गुठळी झाली की काढायचंच असं नाही. ते किडनी वाचवायला दिलंय, ते काढलं तर टॅक्रोलिमस पुन्हा वाढवावं लागेल, म्हणजे आगीतून फुफाट्यात. स्मिअर स्वच्छ असेल, एलडीएच नॉर्मल असेल, प्रोटीन जात नसेल, तर मी स्वतः एव्हरोलिमसची लेव्हल थोडी खालच्या टोकाला ठेवून पातळ करणारी गोळी चालू ठेवीन. टीएमएचा वास जरी आला तरी मात्र ही जोडी फोडावी लागते. प्लेटलेट ५० हजारांच्या वर आहेत तोवर पूर्ण डोस देता येतो, त्याखाली गेल्या तर डोसचा विचार नव्याने.

बायोप्सी जवळ आली असेल तर टीमला आठवण करा की आता रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. तुम्हाला वाटेल त्यांना माहीतच असणार, पण बायोप्सीची यादी आणि गोळ्यांची चिठ्ठी दोन वेगवेगळ्या टेबलांवर असतात. मानेच्या शिरेतून हृदयाच्या आतून तुकडा घेतात, भिंतीला भोक पडलं तर हृदयाभोवती रक्त साठतं, म्हणून वॉरफरिनवाल्यांचा आयएनआर साधारण १.५ च्या खाली आणतात आणि ॲपिक्साबान किडनी बघून दोनेक दिवस आधी थांबवतात. कधी थांबवायची आणि परत कधी सुरू करायची या दोन्ही तारखा लिहून घ्या, दुसरी तारीख हमखास राहते. वारंवार बायोप्सी झालेल्या मानेच्या शिरेतच कधीकधी गुठळी होते, त्या बाजूचा हात किंवा चेहरा सुजला तर सांगायचं.

दुखतंय म्हणून आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक घ्यायचं नाही, किडनीही जाते आणि रक्तही जातं, पॅरासिटामॉल चालतं. जुलाब लागले तर टॅक्रोलिमसची लेव्हल उलट वाढते हे लक्षात ठेवा, दोन दिवसांच्या वर जुलाब चालले तर लेव्हल आणि आयएनआर दोन्ही करा. काळी शी, लघवी लाल, डोकं अचानक जोरात दुखणं, पडून डोक्याला मार, अचानक दम, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. लेव्हलला जाताना सकाळची गोळी न घेता जा, आदल्या डोसनंतर १२ तासांनी रक्त गेलं तरच आकड्याला अर्थ आहे. गोळी घेऊन रक्त दिलं की आकडा फुगतो, मग कुणीतरी डोस कमी करतं आणि दोन आठवड्यांनी रिजेक्शन निघतं.

आज संध्याकाळी एवढं करा, एक कोरा कागद घ्या, डावीकडे गेल्या ३ महिन्यांतल्या तारखा, समोर त्या दिवशी काय सुरू झालं, काय बंद झालं, कुठला डोस बदलला, आणि उजवीकडे त्या आठवड्याच्या प्लेटलेट, क्रिएटिनिन, टॅक्रोलिमस आणि एव्हरोलिमसची लेव्हल. दाताच्या डॉक्टरांनी, जनरल फिजिशियननी दिलेलं काही असेल तर तेही. एव्हरोलिमस सुरू झाल्याच्या तारखेच्या आधीच प्लेटलेट घसरायला लागलेल्या दिसल्या, तर सीएमव्ही या व्हायरसची तपासणी कधी झाली आणि त्यावरचं व्हॅलगॅनसायक्लोव्हिर चालू होतं का ते विचारा, कारण तेव्हा दुसराच गुन्हेगार निघायची शक्यता आहे. कागद झाला की आकडे इथे टाका, नावगाव नको, मी बघून सांगते.